उच्च-प्रवाही रेषीय व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये जुन्या ऑप-ॲम्पचा उपयोग

प्रस्तावना : फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलेला ७४१ हा ऑप-ॲम्प आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वापरला जातो. तो मंद असल्याने मोठ्या प्रवाहाच्या वीजपुरवठ्यास निरुपयोगी आहे, असा एक समज आहे. मंडलाचा हिशेब मांडला असता दोष वेगळ्याच ठिकाणी आढळतो.

विवेचन : हौशी रेडिओ केंद्रांच्या संचांना लागणाऱ्या १३.८ व्होल्ट, १० ॲम्पिअर पुरवठ्याचे उदाहरण घेऊ. ऑप-ॲम्प ६.२ व्होल्टच्या झेनर संदर्भाशी आउटपुटच्या ठरावीक अंशाची तुलना करून २एन३०५५ जातीचे तीन समांतर ट्रान्झिस्टर नियंत्रित करतो. प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहमचा रोध हवाच. अन्यथा जो अधिक तापतो तोच अधिक प्रवाह ओढतो. ४ ॲम्पिअरला या ट्रान्झिस्टरची किमान प्रवाहवृद्धी २० असते. म्हणजे बेसला एकूण अर्धा ॲम्पिअर लागतो. ७४१ मात्र शॉर्ट सर्किटमध्येही साधारण २५ मिलिॲम्पिअरच देतो. मध्ये चालक ट्रान्झिस्टरच्या दोन पायऱ्या घातल्या की हा प्रश्न सुटतो.

परंतु त्यातूनच दुसरा उद्भवतो. तीन बेस-एमिटर संधींवर सुमारे २.५ व्होल्ट आणि एमिटर-रोधावर ०.३३ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून ऑप-ॲम्पचे आउटपुट १६.६ व्होल्टपर्यंत चढावे लागते, आणि ७४१ तर स्वतःच्या पुरवठ्याच्या सुमारे २ व्होल्ट खालीच थांबतो. साहजिकच पुरवठा क्षणभरही १८.६ व्होल्टच्या खाली येऊन चालत नाही. ब्रिज रेक्टिफायरनंतर सेकंदाला १०० स्पंद मिळतात. १० ॲम्पिअर भारावर १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरील दाब दोन स्पंदांमध्ये ८-१० व्होल्टने घसरू शकतो, ४७,००० मायक्रोफॅरडवर तो सुमारे २ व्होल्टने घसरतो. मल्टिमीटर केवळ सरासरी दाखवितो. त्यामुळे या दऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेस येत नाहीत आणि आउटपुटमधील गुणगुणीचे खापर बिचाऱ्या ७४१ वर फुटते. ऑप-ॲम्पला एका डायोडमधून स्वतंत्र लहान कपॅसिटर दिल्यास तो स्पंदांचा माथा धरून ठेवतो. मुख्य पुरवठ्याची गरज त्यामुळे सुमारे २ व्होल्टने कमी होते.

आता मंदपणाविषयी. ७४१ चा वेग मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट आहे. भार एकाएकी वाढला तरी त्याच्या आउटपुटला जेमतेम एक व्होल्ट हलावे लागते. तेवढा काळ आउटपुटचा कपॅसिटर निभावून नेतो. उलट जुना २एन३०५५ स्वतःच मंद असल्याने अतिवेगवान ऑप-ॲम्प जोडल्यास फीडबॅकमध्ये दोलने सुरू होण्याची भीती अधिक. येथे ३०१ए हा तितकाच जुना ऑप-ॲम्प सरस ठरतो, कारण त्याचा भरपाई-कपॅसिटर बाहेरून जोडावा लागतो आणि नेहमीच्या ३० पिकोफॅरडऐवजी मोठा घालून त्यास हवे तितके सावकाश करता येते. शून्य व्होल्टपर्यंत उतरणारा पुरवठा हवा असल्यास मात्र ३२४ किंवा ३५८ घ्यावा. ७४१ चे इनपुट ऋण टोकाजवळ काम देत नाहीत.

पॉवर ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला, तर कोणताही ऑप-ॲम्प काही करू शकत नाही. अनियंत्रित २० व्होल्टहून अधिक दाब थेट संचावर जातो. त्यासाठी आउटपुटवर एससीआरचे क्रोबार मंडल व मागे फ्यूज असल्याखेरीज असा पुरवठा कोणत्याही संचास जोडू नये.