अंबरातल्या पांढऱ्या माशीसोबत एक दिवस

सकाळी ६
इंदूरमध्ये विजय नगरच्या आमच्या गल्लीत कचरागाडी यायच्या आत मी अंगणातल्या पेरूजवळ असते. ऊन चढले की पांढरी माशी चपळ होते. सकाळच्या गारव्यात मात्र ती पानाखाली निवांत बसलेली सापडते. पान अलगद उलटले की पांढऱ्या मेणाची गोल वळणे दिसतात आणि त्या वळणांत अंडी. ही सर्पिलाकार पांढरी माशी मूळची कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेकडची; भारतात ती १९९० च्या दशकात पोचली. काही प्रौढ माश्या आणि काही कोष मी अल्कोहोलच्या कुपीत घेते. आज वर्णन करायचे आहे ते बाल्टिक अंबरातल्या, म्हणजे अश्मीभूत राळेतल्या माशीचे, पण कामाची सुरुवात या पेरूपासूनच होते.

सकाळी ८
चहा-पोहे झाले की स्लाइडी. कोष कॉस्टिक पोटॅशच्या कोमट द्रावणात ठेवला की आतला मऊ भाग विरघळतो आणि नुसते कवच उरते. ते धुऊन, रंगवून कॅनडा बाल्समच्या थेंबात बसवायचे. कॅनडा बाल्सम म्हणजे फर वृक्षाची राळ. निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वी जे केले, तेच आपण काचेच्या पट्टीवर करतो. या कामातला हा क्षण मला फार आवडतो.

सकाळी १०
आता संगणक. अंबराचा तुकडा परदेशातल्या संग्रहात आहे. माझ्याकडे त्याची छायाचित्रे येतात. सूक्ष्मदर्शकाचा फोकस थोडा थोडा सरकवत काढलेली अनेक छायाचित्रे एकत्र केली की माशी डोक्यापासून शेपटापर्यंत स्पष्ट होते. बाल्टिक अंबर साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांचे. त्यातल्या किड्यांभोवती पुष्कळदा दुधी पापुद्रा धरतो आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. मग दुसऱ्या बाजूने काढलेली छायाचित्रे मागवावी लागतात.

माशी दोन मिलिमीटरसुद्धा नाही. शृंगिकेचे खंड मोजायचे: सात. संयुक्त डोळा मध्ये आवळलेला आहे, की त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडलेत, हे पाहायचे. पुढच्या पंखात शिरा किती आणि त्या कुठे फुटतात, पायाच्या टोकाला नख्यांमध्ये काय आहे, पोटाच्या शेवटी मलद्वाराची खाच कशी आहे, हे सगळे टिपायचे. दिसले तेवढेच लिहायचे. झाकलेल्या भागापुढे ‘दिसत नाही’ असे लिहिणे हाही वर्णनाचाच भाग.

दुपारी १
जेवण आणि थोडी विश्रांती.

दुपारी २
जुने कागद. संशोधक मेंगे यांनी बाल्टिक अंबरातली पांढरी माशी १८५६ मध्ये नोंदवली. ब्रह्मदेशाच्या अंबरातल्या माशीला कॉकरेल यांनी १९१९ मध्ये अल्युरोडिकस बर्मिटिकस हे नाव दिले. माझ्या पेरूवरची माशीही अल्युरोडिकस याच प्रजातीतली! ते अंबर आज सुमारे ९.९ कोटी वर्षांचे मानले जाते. लेबनॉनचे अंबर त्याहून जुने. त्यातल्या माश्यांचे वर्णन श्ले यांनी १९७० मध्ये केले.

खरी अडचण इथे आहे. आज पांढऱ्या माशीच्या दीड हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्या ओळखल्या जातात मुख्यतः कोषावरून. पण कोष पानाला चिकटून जागीच असतो. उडून राळेत अडकतो तो प्रौढ. म्हणून अंबरात बहुतेक प्रौढच मिळतात, आणि जिवंत जातींच्या प्रौढांची तपशीलवार वर्णने मात्र थोडी. दोघांची तुलना करायची कशावर? म्हणून सकाळच्या कुपीत कोषासोबत प्रौढही असतात.

दुपारी ४
शेजारच्या काकांची सांवेरकडे शेती आहे. ते सोयाबीनची पाने घेऊन येतात. “ताई, बघता का जरा? शेंडे सगळे पिवळे पडलेत.”

पान उलटते. “काका, हा पिवळा मोझॅक दिसतो. विषाणू पांढरी माशीच पसरवते. अशी झाडं दिसतील तशी उपटून काढा, पिवळे चिकट सापळे लावा. फवारणीचं मात्र खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेत विचारूनच ठरवा.”

भिंगाखाली त्यांनाही माशी दाखवते. सोंड पानाच्या रसवाहिनीत खुपसून रस पिणारी ही माशी आणि अंबरातली माशी एकाच कुळातल्या.

सायंकाळी ६
आता लेखन. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९३० नंतरच्या नव्या नावासोबत ती जाती इतरांहून वेगळी कशी, हे शब्दांत सांगावे लागते. नावाचा आधार ठरणारा नमुना निश्चित करावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे, हेही नमूद करावे लागते. मी आधी मापे लिहिते, मग शिरांची मांडणी, मग जवळच्या प्रजातींशी फरक. ‘लांब’, ‘मोठा’ असे शब्द खोडून तिथे मिलिमीटर घालते.

रात्री ९
मसुदा पाठवण्यापूर्वी तो पुन्हा वाचते, एकाच कसोटीवर: हा तुकडा कधीही न पाहिलेल्या माणसाला एवढ्यावरून ही माशी ओळखता येईल का?

परदेशातल्या या तुकड्यावर काम करताना आठवते: आपल्या जवळही अंबर आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींतले, पाच कोटी वर्षांहून जुने. २०१० मध्ये त्यातल्या कीटकांची पहिली मोठी माहिती जगापुढे आली. ही राळ द्रावकात विरघळते, त्यामुळे किडा अख्खा बाहेर काढता येतो. तिथल्या कीटकांवर उद्या आपल्याच मुलांनी काम करावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी कीटकशास्त्र शिकणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: पेरूवरची असो, सोयाबीनवरची असो, पांढरी माशी गोळा कराल तेव्हा कोषासोबत प्रौढही जपा आणि त्याचे पंख, पाय, डोळे मोजून लिहून ठेवा. अंबरातली माशी ओळखण्याचा मार्ग या नोंदींतूनच जातो.