पाच गोळ्यांची परीक्षा

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तोच हा प्रकार. मुलीचं .२२चं पिस्तूल साधारण तीन मॅगझिन झाडली की एकदा अडकतं. कधी रिकामी पुंगळी बाहेर न उडता वरच्या खाचेत धुराड्यासारखी उभी राहते, कधी नवं काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरकं होऊन बसतं. दुकानात दोनदा दिलं. एकदा तीन आठवडे राहिलं, एकदा दोन महिने. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं : ‘आम्ही एक मॅगझिन झाडून पाहिलं, काही दोष नाही. मुलीची पकड सैल आहे.’ वडील विचारतात, पकडीचा आणि अडकण्याचा खरंच संबंध असतो का, की आम्हाला नुसतं वाटेला लावलं?

संबंध असतो. तरीही तुम्हाला वाटेला लावलं.

या पिस्तुलात दुसरी गोळी भरायला वेगळं इंजिन नसतं. दारू जळून झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे. पुंगळीच्या पाठीशी बोल्ट असतो, तो त्या धक्क्याने मागे जातो. .२२ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाली आणि बोल्ट पाव किलोचा आहे असं धरू. संवेगाचा हिशेब मांडला की बोल्टचा वेग येतो सेकंदाला जेमतेम तीन मीटर, म्हणजे सकाळी मैदानावर पळणाऱ्या माणसाइतका. गोळी ११७ जूल ऊर्जा घेऊन जाते, बोल्टच्या वाट्याला येतात सुमारे १.२ जूल. एक किलो साखरेची पिशवी बारा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा, आणि तिच्यात सगळा संसार चालवायचा : पुंगळी ओढून काढायची, बाहेर फेकायची, स्प्रिंग दाबायची, घोडा मागे न्यायचा. परतीच्या वाटेवर त्याच दाबलेल्या स्प्रिंगच्या जिवावर नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये सारायचं. पापणी लवायच्या आत.

दादरला लोकल थांबते तेव्हा आधी उतरणारे उतरले पाहिजेत, मग फलाटावरचे दारापर्यंत सरकले पाहिजेत, मग चढले पाहिजेत. यातलं एक पाऊल जरी रेंगाळलं तरी दारात कोंडी होते. पिस्तुलात उतरणारी ती पुंगळी, चढणारं ते काडतूस आणि फलाटावरच्यांना पुढे रेटणारी ती मॅगझिनची स्प्रिंग. बोल्ट मंद असेल तर पुंगळी दारातच सापडते. बोल्ट फार वेगात असेल तर मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वर आणेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. म्हणून ‘जोरदार काडतुसं वापरा, जाम होणार नाही’ हा सल्ला दर वेळी लागू पडत नाही.

आता पकड. जंजिऱ्याला गेला असाल तर होडीतून किल्ल्याच्या दरवाज्याच्या पायरीवर पाय टाकतानाचा क्षण आठवा. होडी कुणी घट्ट धरली असेल तर पाऊल बरोबर पडतं. मोकळी असेल तर तुम्ही पुढे जाता तशी ती मागे सरते आणि पाऊल तोकडं पडतं. बोल्ट पिस्तुलाच्या चौकटीच्या आधारानेच मागे जात असतो. चौकटच हातात मागे झुकली, तर बोल्ट चौकटीच्या मानाने कमी अंतर कापतो. तेव्हा दुकानदाराने सांगितलेलं कारण अस्तित्वात आहे. पण १.२ जूलच्या बेतात पकड हा एक खर्च झाला. घट्ट झालेलं तेल हा दुसरा, चेंबरमध्ये साचलेलं मेण आणि शिसं हा तिसरा. मंद काडतूस तर सर्वांत महागात पडतं. गोळीचा वेग दहा टक्क्यांनी घटला की बोल्टची ऊर्जा जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. त्यात .२२च्या काडतुसाला मागे कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात. तिथे जगातली सर्वांत भक्कम मूठसुद्धा उपयोगाची नाही.

चेंबरमध्ये साचणाऱ्या थराचा विषय निघाला की मला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय आठवतो, आणि त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत भेटत नाही याची खंत वाटते. जुनी काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घन राख म्हणून मागे राहायचा. असल्या राखेत आपोआप चालणारं नाजूक यंत्र किती वेळ टिकणार? १८८४ साली पॅरिसच्या सरकारी प्रयोगशाळेत व्हिएयने नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळलं, त्याचा लगदा लाटला आणि पातळ चकत्या कापल्या. जवळजवळ सगळी दारू वायू होऊन जाऊ लागली. शिवाय चकती थराथराने जळते, म्हणून तिच्या जाडीवरून जळण्याची गती ठरवता येऊ लागली. नऊ वर्षांनी, १८९३मध्ये, ह्यूगो बोर्शार्टचं पिस्तूल आलं आणि आपोआप भरणारी पिस्तुलं बाजारात रुळू लागली. नाव झालं ते पिस्तुलं घडवणाऱ्या ब्राऊनिंगचं आणि लुगरचं, धूरविरहित दारू म्हटलं की लोकांना नोबेल आठवतो. पाया घातला तो व्हिएयने. याच माणसाने १८९९मध्ये पहिली शॉक ट्यूब, म्हणजे नळीत धक्कालहरी निर्माण करणारं उपकरण, बांधली. स्वनातीत वेगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये, अगदी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही, तिच्या वंशातली उपकरणं आज काम करतात.

आता दुकानाच्या त्या ‘एक मॅगझिन झाडून पाहिलं’कडे येतो, कारण मला खरा राग आहे तो त्याचा. मुलीच्या मॅगझिनमध्ये पाच गोळ्या असतात. तीन मॅगझिनला एकदा अडकतं, म्हणजे पंधरात एक. असं बिघडलेलं पिस्तूल पाच गोळ्या सुरळीत झाडेल याची शक्यता किती? चौदा-पंधरांश पाच वेळा गुणा. उत्तर येतं ७१ टक्के. म्हणजे दोष असलेलं पिस्तूल दहांतल्या सात खेपांना या परीक्षेत पास होणार. दोनदा पास झालं यात नवल काहीच नाही. हाच दोष ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर सलग ४५ गोळ्या झाडाव्या लागतात. सोपा नियम असा : जितक्यांत एकदा बिघाड होतो, त्याच्या तिप्पट झाडा.

हाच नियम मोठ्या दाव्यांनाही लावता येतो. १९११ साली अमेरिकी लष्कराच्या चाचणीत ब्राऊनिंगच्या पिस्तुलाने ६००० गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या. तापलं की ते पाण्यात बुडवून थंड करत होते. विलक्षण कामगिरी. पण गणित तिच्यातून एवढंच सांगू देतं की बिघाडाचं प्रमाण बहुधा दोन हजारांत एकाहून कमी आहे. ‘कधीच जाम होत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, चाचणीचं नव्हे.

आणि वापरणाऱ्यावर खापर फोडण्याची किंमत काय असते, हे व्हिएतनाम युद्धात दिसलं. अमेरिकी सैनिकांना दिलेल्या, यूजीन स्टोनरने घडवलेल्या रायफलीचा विकास एका प्रकारच्या दारूवर झाला होता. लष्कराने १९६४मध्ये काडतुसांसाठी दुसरी, बारीक गोळ्यांच्या स्वरूपातली दारू मंजूर केली. तिने बोल्टचा वेग वाढला आणि वायूच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसू लागला. दमट हवेत क्रोमचा लेप नसलेले चेंबर गंजले आणि पुंगळ्या आतच चिकटू लागल्या. सैनिक सळईने त्या ठोकून काढत होते, तीही ज्यांच्याकडे होती ते. ही रायफल साफ करावीच लागत नाही असा समज पसरला होता, सफाईचं साहित्य पुरेसं पोचलेलं नव्हतं, आणि तक्रार केली की उत्तर मिळे : तुम्ही नीट साफ करत नाही. एका मरीनचं घरी लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रापर्यंत आणि तिथून अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं. १९६७मध्ये काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने दारूतला बदल हेच मुख्य कारण ठरवलं. पुढे चेंबरला क्रोमचा लेप आला, सफाईचे संच आले, आणि विल आइस्नर या चित्रकथाकाराने सैनिकांसाठी देखभालीची सचित्र पुस्तिका काढली.

स्पर्धेच्या मैदानावर या प्रश्नासाठी फार चांगली पद्धत आहे. पिस्तूल अडकलं की नेमबाजाने बोल्टला हात लावायचा नाही. नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून मोकळा हात वर करायचा. पंच येऊन आत पाहतो आणि मग ठरवतो, चूक यंत्राची की खेळाडूची. आधी हात लावला तर बिघाड अमान्य आणि न झाडलेली गोळी शून्य. निकाल तपासणीनंतर लागतो, आधी नाही.

सरावात मात्र वहीने काम भागेल. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रेंजवरच, मॅगझिनांवर मार्करने आकडे घाला. प्रत्येक अडथळ्यासमोर मॅगझिनचा आकडा, गोळी कितवी, काडतुसाची पेटी कोणती, पुंगळी कशी अडकली, हे लिहा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी साफसफाई, मग मॅगझिन, मग काडतूस. त्यानंतर तेच पिस्तूल प्रशिक्षकांच्या हातात द्या. त्यांच्या हातातही अडकलं तर पकडीचा मुद्दा मागे पडला. अडथळे एकाच मॅगझिनला चिकटलेले दिसले, तर त्याचे काडतूस धरणारे ओठ वाकले असतील किंवा स्प्रिंग थकली असेल. दोन गोष्टी मात्र कधी विसरू नका. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडू नका, आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

कुठल्याही लेथवाल्याकडे नेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्याच दुकानात किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडे जा, पण वहीची प्रत आणि ते अडचणीचं मॅगझिन बरोबर द्या. चाचणी रेंजवर, तुमच्यासमोर होऊ द्या. काडतुसं स्वतःची द्यावी लागली तरी द्या. आणि परत घेताना बिलावर दोन गोष्टी लिहून मागा : काय बदललं, आणि किती गोळ्या झाडल्या. दुसरा आकडा ४५च्या खाली असेल, तर दुरुस्ती झाली असं अजून म्हणता येत नाही.