किल्ली अडली, तर जोर नको

सभासद बंधू-भगिनींनो,

आमचा लेख म्हटला की बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा यांपैकीच काहीतरी असणार, असे आपण धरून चालता. या वेळी विषय निराळा आहे. गाडी बंद केली, पण किल्ली काही बाहेर निघेना, असा प्रसंग जीप, कार, पिकअप बाळगणाऱ्या पुष्कळांवर येतो. त्याच्याशी ऊस विकास खात्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, म्हणून आधी आमची कबुली.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी प्लॉट पाहायला आम्ही पाणंदीत जीप उभी केली. इंजिन बंद झाले, किल्ली मात्र निघेना. चार हिसके दिले. मग टूलबॉक्समधली पक्कड काढली आणि पिळली. कट्कन आवाज झाला. अर्धी किल्ली हातात, अर्धी कुलपात! तेवढ्यात मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आल्या. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना चारी. शेवटी तोडणीच्या टोळीतल्या माणसांनी अंधारात जीप ढकलत रुंद जागेपर्यंत नेली. दिवसभर कोयता चालवून दमलेली ती माणसे. आम्हाला मान वर करवेना. ट्रॉल्या यार्डात उशिरा पोचल्या, नंबर मागे पडला आणि तो ऊस दुसऱ्या दिवशी दुपारी गव्हाणीत पडला. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखरही उतरते. म्हणून चोवीस तासांत गाळप व्हावे, हे आम्हीच आपल्याला सांगत फिरतो. त्या दोन्ही सभासदांची आम्ही घरी जाऊन माफी मागितली.

सकाळी मिस्त्री आला. बारीक करवतीच्या पात्याने त्याने तुकडा ओढून काढला आणि म्हणाला, "साहेब, किल्ली अडली नव्हती. तुम्ही ती पुरती फिरवलीच नव्हती."

कुलपाची रचना अशी असते. किल्ली फिरवण्याच्या साधारण चार जागा: लॉक, रेडिओ वगैरेची जागा, चालू आणि स्टार्टर. इंजिन दुसऱ्या जागेवरच बंद होते, पण किल्ली निघते फक्त लॉकवर. पुष्कळ गाड्यांत या शेवटच्या टप्प्यासाठी किल्ली आत दाबून फिरवावी लागते. कारण लॉकवर किल्ली काढली की स्टिअरिंग जखडते. चालत्या गाडीत चुकून तसे होऊ नये, म्हणून ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. आमच्या शिवारातली धूळ आत बसली की किल्ली पुरती दाबली जात नाही, आणि आपल्याला वाटते कुलूप बिघडले.

तेव्हा किल्ली अडल्यास क्रमाने असे करावे:

१. गाडी पूर्ण थांबलेली असावी. ब्रेकवर पाय ठेवावा, हँडब्रेक ओढावा.

२. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असून दांड्यावर 'पी' असेल, तर दांडा 'पी'वर पक्का बसला आहे का ते पाहावे. ब्रेक दाबून तो एकदा मागे आणून पुन्हा 'पी'त घालावा. अशा काही गाड्यांत बॅटरी उतरली तरी किल्ली सुटत नाही.

३. चाक बांधाला किंवा दगडाला टेकले असेल, तर स्टिअरिंगवर ताण येऊन कुलूप आवळते. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलके हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी.

४. किल्ली आत दाबावी, लॉकपर्यंत फिरवावी, मग सरळ ओढावी. पिळू नये.

५. तरीही जड जात असेल, तर कुलपात थोडी ग्रॅफाइटची भुकटी सोडावी. इंजिन ऑइल किंवा ग्रीस घालू नये. त्यावर धूळ चिकटून गाळ होतो.

एवढ्याने नाही सुटली, तर मिस्त्रीला बोलवावे. पक्कड नको, हातोडी तर नकोच. गाडी तशीच सोडावी लागली, तर बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी आणि चाकाला दगड लावावा. किल्ली लटकती ठेवून जाऊ नये. पोरेबाळे सीटवर चढतात आणि किल्ली फिरवून बघतात. ट्रॅक्टरवाल्यांनी तर हे जास्तच ध्यानात धरावे. जुना ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला, तर जागच्या जागी उडी घेतो. यार्डात रांगेत दोन ट्रॉल्यांच्या मधून माणसे जात-येत असतात. नंबर लागेपर्यंत चहाला जाताना किल्ली खिशात घालूनच जावे.

दुखणे मुळात होऊ नये, यासाठी दोनच गोष्टी. घराच्या, मोटारीच्या, गोठ्याच्या किल्ल्यांचा जुडगा गाडीच्या किल्लीला अडकवू नका. त्या ओझ्याने कुलूप झिजते. आणि झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट पाडू नका, कारण झीजही तशीच उतरते. मूळ किल्ली जपून ठेवावी, नक्कल तिच्यावरून करावी.

उसाची कोवळी पाने पिवळी पडली की काहीजण लगेच युरियाचे पोते फोडतात. चुनखडीच्या जमिनीत तो केवडा असतो, लोह कमी पडलेले असते. युरियाने तो जात नाही. आधी कारण पाहा, मग हात घाला, असे आम्ही बांधावर उभे राहून आपल्याला सांगतो. त्या संध्याकाळी मात्र पक्कड हाती घेताना आम्हीच ते विसरलो. आपण विसरू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपला,
ऊस विकास अधिकारी