आयात वस्त्रांचे सीमाशुल्क-वर्गीकरण

कर्जतच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानात धोतर, लुगडे, सदरा आणि बनियन ही एकाच फळीवर रचलेली दिसली, तर त्यात कोणास काही वावगे वाटणार नाही. दुकानदाराच्या लेखी तो सारा कापडाचाच व्यवहार होय. परंतु हेच चार सुती नग परदेशातून येऊन उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात उतरले, तर सीमाशुल्काच्या दरपत्रकात त्यांची ताटातूट होते. धोतर व लुगडे बावन्नाव्या प्रकरणात, म्हणजे थानाच्या कापडाच्या पंक्तीस बसतात, बनियन एकसष्टाव्यात जाते, सदरा बासष्टाव्यात.

याचे कारण असे की, दरपत्रक प्रथम वस्तूची घडण पाहते. उभ्या-आडव्या धाग्यांनी मागावर काढलेले कापड निराळे आणि फासात फास ओवून सिद्ध केलेले, लोक ज्यास होजिअरी म्हणतात ते, निराळे. मराठीत या दोन्ही क्रियांस ‘विणणे’ हे एकच क्रियापद असल्याने मराठी वाचकाचा येथे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. दुसरा प्रश्न बेतण्याचा व शिवण्याचा. लुगडे कितीही भरजरी असो, त्यास कात्री लागत नाही. ते नेसल्यावर वस्त्र होते. घडीत असताना दरपत्रकाच्या दृष्टीने ते कापडच राहते. कडेचे सूत उसवू नये म्हणून घातलेल्या साध्या टाक्यांनीही त्याचा वर्ग पालटत नाही.

पुढील नियम याहून बारीक आहेत. पुढून उघडणाऱ्या सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उलट असेल तर स्त्रियांचा. मात्र बेतावरूनच गोष्ट स्पष्ट होत असेल तर हा नियम लागू होत नाही, आणि कशावरूनच निर्णय होईना तर तो नग स्त्रियांच्या वर्गात घालावा, असे ठरले आहे. चौरस कापडाची एकही बाजू ६० सेंटिमीटरहून अधिक नसेल तर तो हातरुमाल. अधिक भरली तर स्कार्फ. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बालकाचे कपडे तान्ह्या मुलांचे समजले जातात. हे नियम ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून आले, तिच्याशी भारताचे दरपत्रक १९८६ मध्ये जुळविण्यात आले. पहिले सहा अंक सर्व सभासद देशांत समान असतात. पुढील दोन भारताचे स्वतःचे.

या अंकांवर कराची रक्कम अवलंबून असते. अनेक तयार कपड्यांवर किमतीच्या शेकडा ठराविक प्रमाणात किंवा नगामागे ठराविक रुपये, यांपैकी जे अधिक भरेल ते घेतले जाते. त्यामुळे स्वस्त मालाची किंमत आणखी कमी दाखवून फारसे साधत नाही. २०१८ मध्ये बहुसंख्य कपड्यांवरील मूळ दर शेकडा १० वरून २० करण्यात आला. वर्ग कोणता हे २०११ पासून प्रथम आयातदारानेच घोषित करावयाचे असते. अधिकारी ते पडताळतो. वाद उपजतो तो येथे.

वाद नवा नाही. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये लोहमार्ग पुरा झाला, आणि कर्जत-खालापूरच्या वाटेने कापूस खाली उतरू लागला व विलायती कापड वर चढू लागले. त्या कापडावर डिसेंबर १८९४ मध्ये शेकडा ५ आयात-कर बसला, तेव्हा लँकेशायरच्या समाधानार्थ देशी गिरण्यांच्या २० नंबरापेक्षा बारीक सुतावरही तेवढाच कर लादण्यात आला. जाड आणि बारीक यांची सीमा सुताच्या नंबरावर आखणे हा वर्गीकरणाचाच प्रश्न होता. परंतु त्यावर मुंबईच्या गिरण्यांचा नफा-तोटा लटकत होता. १८९६ मध्ये सूत मोकळे झाले आणि विलायती व देशी गिरणी-कापडावर शेकडा साडेतीन असा कर आला. देशी कापडावरील हा कर डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित होऊन १९२६ मध्ये रद्द झाला.

आज खालापूरच्या टोलनाक्यावर मालमोटारीचा प्रकार पाहून पैसे घेतले जातात. आत सदरे आहेत की चिंध्या, याची तेथे चौकशी नसते. ती बहुधा बंदरातच झालेली असते, अथवा पेटी मोहोरबंद असल्यास घाटावरच्या आगारात व्हावयाची असते.

चिंध्यांचा उल्लेख सहज केलेला नाही. वापरलेल्या कपड्यांचा वर्ग निराळा आहे. त्यात बसण्यासाठी कपड्यावर वापराच्या ठळक खुणा हव्यात, आणि माल सुटा ढिगाने किंवा गाठोडी, पोती अशा बांधणीत आलेला हवा. बोहारीण जुन्या लुगड्याचा पोत चिमटीत धरून पाहते, तसेच काहीसे हे परीक्षण. असे कपडे भारतात परवान्यावाचून आणता येत नाहीत, कारण ते थेट बाजारात गेल्यास शिंप्याच्या व लहान कारखानदाराच्या पोटावर पाय येतो. चिंध्यांना मात्र ही अट नाही. त्यांपासून पुन्हा सूत काढता येते. म्हणून अंगात घालता येऊ नये अशा रीतीने कपडे फाडून वा कापूनच ते चिंध्या म्हणून आणावे लागतात. गाठोडे उघडल्यावर अधिकारी प्रथम पाहतो ते हेच, की कात्री बाहीतून आरपार गेली आहे, की उसवलेली शिवण पुन्हा घालून कोट उभा करता येईल.