काम चालू, रस्ता बंद

डांबराची रिकामी पिंपे, त्यांवर लाल-पांढरे पट्टे, मधे चुना फासलेल्या दगडांची रांग आणि रात्री त्या रांगेच्या टोकाला एखादा कंदील. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर दुरुस्तीची खूण कित्येक वर्षे एवढीच होती. कामावर जे सामान असे, तेच पहाऱ्याला उभे राही. काम संपले की मुकादम पिंपे उचलून नेई. दगड मात्र तिथेच पडून राहत आणि अंधारात दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येत. गाडी थोपवायला ठेवलेली वस्तूच जीवघेणी ठरू नये, हा विचार आपल्याकडे फार उशिरा पोचला.

दुसरीकडे तो जुना होता. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांची रंगरंगोटी करणाऱ्या खात्यातले चार्ल्स स्कॅनलन यांना १९४३ मध्ये शंकूचे पेटंट मिळाले. लाकडी अडथळे गाडीच्या धक्क्याने मोडत आणि गाडीलाही इजा करत. स्कॅनलन यांचा शंकू हलका आणि लवचिक होता, धक्का खाऊन पुन्हा उभा राहणारा. आज गल्लीतल्या गटाराच्या कामावरही दिसणारा नारिंगी कोन त्याच घराण्यातला.

या साऱ्या प्रवासातले सर्वांत मोठे पाऊल मला परावर्तक पट्टीचे वाटते. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक दिव्याचा प्रकाश जिकडून आला तिकडेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. रॉकेल नको, बॅटरी नको. पण ती पट्टी धुळीने आणि चिखलाने आंधळी होते. कोकणात पावसाळ्यात तांबड्या मातीचा एक थर बसला, की महागातला फलकही रात्री पत्र्याच्या तुकड्याहून वेगळा दिसत नाही. ओले फडके घेऊन रोज फिरणारा माणूस हाही या साधनांचाच भाग आहे, आणि कामावर नेमका तोच नसतो.

इंडियन रोड्स काँग्रेसने कामाच्या टप्प्यातील सुरक्षिततेसाठी एसपी ५५ ही मार्गदर्शिका २००१ मध्ये काढली आणि २०१४ मध्ये ती नव्याने लिहिली. तिचे सार वस्तूंच्या यादीत नाही, क्रमात आहे: आधी दूरवरून सूचना, मग हळूहळू अरुंद होत जाणारी वाट, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी मोकळा रस्ता सुरू झाल्याची खूण. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. चालकाला समजून ब्रेकवर पाय ठेवायला दोन सेकंद लागले, तरी ४४ मीटर गेलेच. खड्ड्याच्या तोंडाशी लावलेला फलक त्याच्या काय कामाचा?

आपण वस्तू आणल्या, क्रम आणला नाही. पाणी भरायचे प्लास्टिकचे अडथळे आले, पण ते रिकामेच उभे राहतात आणि वाऱ्यानेही सरकतात. मुंबईत मेट्रोच्या कामांसाठी वर्षानुवर्षे उंच पत्रे उभे राहिले. वळणावर पत्र्याआडून येणारा पादचारी चालकाला दिसत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक रेंगाळले. तिथे वळणरस्ते बदलत गेले, पण जुने बाण जागेवरच राहिले. काम नसताना उभा असलेला फलक सर्वांत घातक, कारण पुढच्या खऱ्या फलकावरचा विश्वास तोच उडवतो.

याचे मूळ पैशात आहे. कंत्राटात हे सामान बहुधा मूळ कामातच धरलेले असे, त्याचे वेगळे मोल मिळत नसे. म्हणून काटकसर इथूनच सुरू होई. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९८-अ मुळे ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास कंत्राटदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामापुढे ही रक्कम फार लहान आहे, आणि ती अपघातानंतरची आहे. त्यापेक्षा शंकू, दिवे, झेंडीवाल्याची मजुरी आणि फलक पुसणाऱ्याचा रोज ही दरपत्रकातली स्वतंत्र कलमे हवीत आणि मोजणी केल्याशिवाय बिल निघता कामा नये. झेंडीवाला उन्हात, धुळीत, वेगाने येणाऱ्या ट्रकसमोर उभा असतो. त्याच्या अंगावरचे चमकते जाकीटही त्याच मोजणीत धरले पाहिजे.