न दिसल्याची नोंद

गॅमा किरण स्फोटांचा इतिहास सांगताना २८ फेब्रुवारी १९९७ ही तारीख टाळता येत नाही. इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने त्या दिवशी एक स्फोट टिपला आणि आठ तासांत आपली क्ष-किरण दुर्बीण त्या दिशेला वळवली. स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच जागेचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्रात अनेक ठिपके होते आणि त्यातला एक २१.३ प्रतीचा होता (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद). त्यात विशेष असे काहीच नव्हते. ८ मार्चला पुन्हा छायाचित्र घेतले, तेव्हा २३.६ प्रतीपर्यंतचे काहीही दिसायला हवे होते, पण तो ठिपका त्यात नव्हता. आठवडाभरात तो निदान आठ पटींनी मंदावला होता. ॲम्स्टरडॅमच्या यान व्हान पाराडाइस यांच्या गटात टिटस गालामा आणि पॉल ग्रूट हे दोन तरुण विद्यार्थी होते. त्या गटाने ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि स्फोटाची पश्चदीप्ती, म्हणजे सगळे ज्याला आफ्टरग्लो म्हणतात ती, दृश्य प्रकाशात पहिल्यांदा सापडली. पुस्तकांत कौतुक पहिल्या चित्राचे होते. माझ्या मते शोध लागला तो दुसऱ्या चित्रात. ठिपका ८ मार्चलाही तिथेच असता तर तो आकाशगंगेतला एखादा सामान्य तारा ठरला असता आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नसते.

पुढचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये बोहदान पाचिन्स्की आणि डॉन लँब यांच्यात हे स्फोट दूरच्या विश्वातले की आपल्याच दीर्घिकेच्या परिघावरचे, यावर जाहीर वाद झाला होता. मे १९९७ मध्ये दुसऱ्या एका स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट केक दुर्बिणीने घेतला, त्यातून निदान ०.८३५ इतकी ताम्रसृती निघाली, म्हणजे स्फोट दूरच्या विश्वातला होता, आणि पाचिन्स्की बरोबर ठरले. दीर्घ स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या मृत्यूशी जोडले गेले, लघुस्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाशी. मला बोलायचे आहे ते या विजययात्रेच्या कडेला पडून राहिलेल्या कागदांबद्दल. स्फोटाची वर्दी मिळाली की जगभरच्या वेधशाळा तिकडे वळतात आणि काही तासांत आपले निरीक्षण दहा-पंधरा ओळींच्या परिपत्रकात कळवतात. नासाच्या गोडार्ड केंद्रातले स्कॉट बार्थेल्मी यांनी उभ्या केलेल्या जीसीएन या यंत्रणेतून ही परिपत्रके १९९७ पासून निघत आहेत. जानेवारी २०१७ पर्यंत त्यांचा क्रमांक वीस हजारांच्या पुढे गेला होता. ती चाळू लागले की एक गोष्ट पटकन जाणवते. त्यांतली कितीतरी ‘आम्हाला काही दिसले नाही’ एवढेच सांगतात. दुर्बीण कोणती, वेळ कोणती, गाळणी कोणती, किती मिनिटे प्रकाश साठवला, आणि कोणत्या प्रतीपर्यंत काहीच नव्हते. माझे म्हणणे असे, की या शास्त्राचा अर्धा पुरावा या ओळींत आहे आणि आपण तो अपयशाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

लगेच येणारा आक्षेप म्हणजे ‘दिसले नाही’ हे कोणीही म्हणू शकतो. ढगाळ रात्रीही काही दिसत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर परिपत्रकाच्या शेवटच्या आकड्यात आहे. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘दाराची कडी तुटलेली नाही’ हे वाक्य साक्ष ठरते, कारण कडी कोणी, केव्हा आणि कशी तपासली हेही तिथेच लिहिलेले असते. मर्यादेचा आकडा नसलेले ‘नाही’ निरुपयोगी, आकडा असलेले ‘नाही’ हे मोजमाप. याचे जुने उदाहरण म्हणजे २८ ऑगस्ट १९९७ चा स्फोट. क्ष-किरणांत त्याची पश्चदीप्ती दिसली. दृश्य प्रकाशात मात्र स्फोटानंतर काही तासांतच कसून शोधूनही काहीच हाती लागले नाही. फेब्रुवारीतल्या स्फोटासारखाच हा वागला असता, तर दिसायला हवा होता. मग कुठे गेला? काही वर्षांनी त्याची यजमान दीर्घिका सापडली, ताम्रसृती सुमारे ०.९६. अंतर कारणीभूत नव्हते. प्रकाश वाटेतल्या धुळीने गिळला होता. धूळ म्हणजे नव्या ताऱ्यांच्या जन्माची जागा, आणि अल्पायुषी प्रचंड तारे जिथे जन्मतात त्याच्या जवळच मरतात. ‘काळे स्फोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा घटनांनी दीर्घ स्फोटांचे मूळ शोधायला मदत केली, ती न दिसण्यातून.

पण या युक्तिवादाची खरी परीक्षा झाली ती जानेवारी २०१७ मध्ये, आणि तिचे एक टोक पुण्यात आहे. ४ जानेवारीला भारतीय वेळेनुसार दुपारी पावणेचारच्या सुमारास लायगोच्या अमेरिकेतल्या दोन शोधकांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३१ आणि १९ पट वस्तुमानाची ही विवरे, अंतर सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षे. दोनच शोधक असल्यामुळे दिशा अंधुक होती. आकाशाचा जवळपास १२०० चौरस अंशांचा पट्टा संशयित ठरला. त्यानंतर सुमारे २३ तासांनी हवाईमधल्या ॲटलस दुर्बिणीला त्याच पट्ट्यात एक झपाट्याने मावळणारा ठिपका दिसला. लघुग्रहांवर पहारा ठेवणे हे या दुर्बिणीचे मूळ काम. ठिपक्याचे नाव पडले ॲटलस १७ एईयू, आणि त्याचे वागणे हुबेहूब गॅमा किरण स्फोटाच्या पश्चदीप्तीसारखे होते.

त्या क्षणी खगोलशास्त्रज्ञांना काय वाटले असेल हे समजायला सुमारे सव्वा वर्ष मागे जावे लागते. सप्टेंबर २०१५ मधल्या पहिल्याच गुरुत्वीय लहरीनंतर ०.४ सेकंदाने फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरण मापकाला एक क्षीण उसळी दिसली होती. कृष्णविवरांच्या जोडीभोवती सहसा जळायला काही उरलेलेच नसते, तेव्हा प्रकाश येणार कुठून? तरी सिद्धांत मांडले गेले. हार्वर्डच्या एव्ही लोब यांनी तर एकाच फिरत्या ताऱ्याच्या पोटात दोन विवरे तयार होण्याची कल्पना मांडली. दुसरीकडे युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाला त्या वेळी काहीही दिसले नव्हते, आणि फर्मीच्या उसळीचे विश्लेषणच चुकीचे असल्याचे काही जणांनी लिहिले. तो वाद मिटला नाही, विझला. जानेवारी २०१७ मध्येही इटलीच्या एजाइल उपग्रहाच्या गटाने लहरीच्या अर्धा सेकंद आधीची, सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकी एक क्षीण चमक पुढे केली. इंटिग्रलची मर्यादा तिच्याशी विसंगत निघाली. अशा वातावरणात आकाशाच्या नेमक्या पट्ट्यात खरोखरची पश्चदीप्ती सापडणे म्हणजे कृष्णविवरे उजेड पाडतात हे सिद्ध होण्याची वेळ जवळ आल्यासारखेच होते.

इथे ॲस्ट्रोसॅट येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये श्रीहरिकोटाहून उडालेल्या या भारतीय उपग्रहावर सीझेडटीआय नावाचे उपकरण आहे. त्यात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या ६४ तुकड्या, प्रत्येकीत २५६ चित्रबिंदू. मुंबईच्या टीआयएफआरमधले ए. आर. राव तेव्हा त्याचे प्रमुख होते. माहितीवर प्रक्रिया होते ती पुण्यात आयुका या संस्थेत, जिथे दीपंकर भट्टाचार्य यांच्या पुढाकाराने तिचे केंद्र चालत होते. उपकरणाचे ठरलेले काम समोरच्या थोड्याशा आकाशाचे चित्र काढायचे. पण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या किरणांना त्याच्या भिंती अडवू शकत नाहीत, त्यामुळे ते चहूबाजूंचे स्फोट ऐकते. आखणीतले दुय्यम वैशिष्ट्य नंतर उपकरणाची ओळख होऊन बसते, त्याचे हे चांगले उदाहरण. चालू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्याने एक स्फोट टिपला होता.

आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी मानसी कासलीवाल यांच्या ग्रोथ या जगभरच्या दुर्बिणींच्या जाळ्याबरोबर केलेल्या तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, गुरुत्वीय लहर आली त्या क्षणी सीझेडटीआयला काहीच दिसले नाही. दुसरी, लहरीनंतर सुमारे २० तासांनी, म्हणजे ॲटलसने ठिपका पाहिला त्याच्या तीनेक तास आधी, त्याच उपकरणात एक दीर्घ स्फोट नोंदलेला होता. चीनच्या त्यांगोंग-२ अवकाश प्रयोगशाळेवरच्या पोलार या उपकरणानेही तो टिपला होता. त्याचे नाव जीआरबी १७०१०५ए. पश्चदीप्ती याच स्फोटाची होती. कृष्णविवरांचा तिच्याशी संबंध एवढाच, की दोन्ही घटना आकाशाच्या एकाच पट्ट्यात पडल्या.

‘काही दिसले नाही’ या पहिल्या गोष्टीची मर्यादा त्या शोधनिबंधातच सांगितली आहे, आणि माझ्या बाजूचा असूनही तो आकडा मी लपवणार नाही. लहरीच्या क्षणी सीझेडटीआयला संशयित पट्ट्यापैकी ५०.३ टक्केच भाग दिसत होता. उरलेला अर्धा पृथ्वीआड किंवा नजरेबाहेर. म्हणजे या एका ‘नाही’वर सगळा निकाल उभा करता येत नाही. निकाल दिला तो वेळेने. पश्चदीप्तीची चमक काळाच्या घातात उतरते, आणि तो काळ मोजायचा स्फोटाच्या क्षणापासून. घातांक १.३ च्या आसपास धरा. ठिपका लहरीच्या वेळी जन्मला असता, तर २३ ते २६ तासांदरम्यान त्याची चमक जेमतेम १५ टक्क्यांनी घटली असती. तीन तासांपूर्वी जन्मलेला असेल, तर पुढच्या तीन तासांत ती ६० टक्क्यांनी उतरायला हवी. ठिपका झपाट्याने उतरत होता. त्या उतारावरून मागे गेले, की जन्मवेळ लहरीनंतर सुमारे २० ते २१ तासांवर येते, आणि त्याच सुमारास सीझेडटीआयने स्फोट नोंदला होता. प्रकाशाचा उतार आणि गॅमा किरणांची उसळी, दोन वेगळ्या साक्षी एकाच घटिकेवर बोट ठेवतात.

तरीही कोणी म्हणेल, एवढा योगायोग कसा? गणित करून पाहावे. सगळे आकाश सुमारे ४१,२५३ चौरस अंशांचे, पट्टा १२०० चा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. उपग्रहांना दिसू शकणारा स्फोट ढोबळमानाने रोज एक होतो. म्हणजे एका दिवसात असा स्फोट त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता शंभरात तीन. एका घटनेसाठी हे क्वचित वाटते. पण गुरुत्वीय लहरी पुढे शेकड्यांनी येणार होत्या, आणि दोन शोधकांच्या काळात पट्टे असेच ऐसपैस असणार होते. असे योगायोग होणारच होते. पहिला लवकर झाला, इतकेच. त्याच वर्षी १७ ऑगस्टची, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची घटना पाहिली की फरक कळतो. युरोपातल्या व्हर्गो शोधकाला तेव्हा अगदी क्षीण संकेत मिळाला, कारण स्रोत त्याच्या आंधळ्या दिशेजवळ होता. ते जवळजवळ न दिसणेच दिशादर्शक ठरले आणि पट्टा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आकसला. गॅमा किरण स्फोट १.७ सेकंदात आला. तिथे योगायोगाला जागाच उरली नाही. ॲस्ट्रोसॅट त्या वेळी पृथ्वीच्या आड होता, हा त्याच्या नशिबाचा भाग. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगोच्या शोधकाचे मोल मला याच हिशेबात दिसते. चौथी-पाचवी जागा म्हणजे अरुंद पट्टा, आणि अरुंद पट्टा म्हणजे फसवे शेजारी कमी.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. न दिसलेल्या गोष्टी एकेकट्या ठीक, पण त्यांची बेरीज करून नवे ज्ञान निघते का? याचे उत्तर रेडिओ निरीक्षणांत आहे. नारायणगावजवळ खोडदला पसरलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा कारभार पुण्यातल्या एनसीआरए या संस्थेकडे आहे. पश्चदीप्ती रेडिओत उशिरा आणि सावकाश येते, आठवडे-महिने टिकते, त्यामुळे हे काम चिकाटीचे. पुढे एनसीआरएमध्ये आलेल्या पूनम चंद्रा आणि अमेरिकेतले डेल फ्रेल यांनी २०१२ मध्ये १९९७ ते २०११ दरम्यान रेडिओत शोध घेतलेल्या ३०४ पश्चदीप्तींचा ताळेबंद मांडला. दिसल्या फक्त ९५. उरलेल्या दोनशेवर नोंदी मर्यादेच्या आकड्यांच्या. दोघांनी काढलेला निष्कर्ष समजूतदार होता: दिसलेल्यांची चमक दुर्बिणींच्या मर्यादेला इतकी लागून आहे, की न दिसलेल्या बहुधा तिच्या जरा खालीच असाव्यात. दोष यंत्राचा, स्फोटांचा नाही.

ऑस्ट्रेलियातले पॉल हॅनकॉक, ब्रायन गेन्सलर आणि तारा मर्फी यांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांनी न दिसलेल्या निरीक्षणांची मूळ माहितीच उघडली आणि अनेक रिकाम्या निरीक्षणांची ती माहिती एकावर एक रचली. एका निरीक्षणात गोंगाटाखाली बुडालेला संकेत अनेकांच्या बेरजेत वर यायला हवा, मर्यादेच्या जरा खाली असेल तर नक्कीच. तो अपेक्षेइतका वर आला नाही. त्यांचा २०१३ चा निष्कर्ष असा, की रेडिओत खरोखर तेजस्वी असलेले स्फोट फार तर ७० टक्के. उरलेले मुळातच मंद आहेत, कदाचित वेगळ्याच जातीचे. दोन्ही गटांची सामग्री बव्हंशी एकच, अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीची. निष्कर्ष मात्र विरुद्ध. मला स्वतःला हॅनकॉक यांची पद्धत अधिक पटते, पण चंद्रा-फ्रेल यांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलते. रचलेल्या निरीक्षणांतले स्फोट वेगवेगळ्या अंतरांवरचे आणि वेगवेगळ्या वयांचे, त्यामुळे सरासरीत मंदपणाची कारणे मिसळून जातात. सुधारित जीएमआरटीसारख्या अधिक संवेदनशील यंत्रांनी एकेकट्या स्फोटावर महिनोन् महिने नजर ठेवली, तरच हे सुटेल.

हा वाद होऊ शकला याचे कारण तांत्रिक वाटेल, पण ते निर्णायक आहे. व्हीएलएने ‘काही नाही’ असे लिहून रात्र संपवली नाही. तबकड्यांच्या जोड्याजोड्यांतून मिळालेली कच्ची माहिती जपून ठेवली, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या कोणाला तरी ती पुन्हा उघडता आली. परिपत्रकातला मर्यादेचा एक आकडा कच्च्या माहितीसारखा एकावर एक रचता येत नाही. जीएमआरटीचा माहितीसंग्रहही ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला होतो, आणि सीझेडटीआयची माहितीही. आजवर कोणालाच काही न सापडलेल्या रात्री तिथे साठलेल्या आहेत, तारीखवार.