टीममधला सिनियर गेला की प्रोजेक्ट का अडतो? उत्तर झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या गप्पांत सापडलं होतं

आयटीत काम करणाऱ्या कोणालाही 'केटी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कोणीतरी राजीनामा टाकतो, नोटीस पिरियड सुरू होतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांत मॅनेजरला आठवतं की याच्याकडून केटी घ्यायची राहिलीय. मग मीटिंगा लागतात, रेकॉर्डिंग होतं, चाळीस पानांचं डॉक्युमेंट तयार होतं. शेवटच्या दिवशी केक कापला जातो आणि माणूस लॅपटॉप जमा करून निघून जातो.

पुढच्या महिन्यात रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधला एक जॉब फेल होतो. हिंजवडीत नाइट शिफ्टला बसलेला पोरगा ते डॉक्युमेंट उघडतो. जॉब कसा चालवायचा हे त्यात असतं. फेल झाला तर परत कसा सुरू करायचा हेही असतं. पण महिनाअखेरीला हा जॉब पहिल्यांदा फेल होतोच, तेव्हा हात न लावता दहा मिनिटं थांबायचं, तो आपला आपण सुरू होतो, ही गोष्ट कुठेच नसते. पोरगा तो हाताने सुरू करतो, जॉब दोनदा चालतो आणि सकाळी क्लायंटचा फोन येतो.

जाणाऱ्याने हे मुद्दाम लपवलेलं नसतं. ते सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलेलंच नसतं.

असे प्रसंग प्रत्येक प्रोजेक्टमध्ये घडतात. यावर उपाय म्हणून कंपन्या जे करतात त्याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात. आता यातली खरी अडचण काय, तर ज्ञान दोन प्रकारचं असतं. एक कागदावर उतरतं. दुसरं माणसाच्या हातात आणि डोक्यात मुरलेलं असतं, आणि ते आपल्याकडे आहे हे त्या माणसालाही नीट ठाऊक नसतं. भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ किती मळायचं विचारा, ती म्हणेल, "हाताला कळतं." बहुतेक कंपन्यांच्या नॉलेज पोर्टलवर पहिल्या प्रकारचं ज्ञान खच्चून भरलेलं असतं आणि रात्री दोन वाजता लागतं ते दुसऱ्या प्रकारचं.

हे हरवलं की किती महागात पडतं, हे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं. कोविडमुळे लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तिथली यंत्रणा चाळीस वर्षं जुन्या मेनफ्रेमवर चालत होती, कोबोल भाषेत. शेवटी गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत जाहीर आवाहन केलं की कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत. कोबोल ही १९५९ ची भाषा. तिची पुस्तकं, मॅन्युअलं सगळी उपलब्ध आहेत. कमी होती ती ती यंत्रणा हाताळलेल्या माणसांची.

मग हे मुरलेलं ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जातं तरी कसं?

याचं चांगलं उत्तर झेरॉक्स कंपनीत सापडलं. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर जिला सगळे 'झेरॉक्स' म्हणतात, ती मशीन बनवणारी मूळ अमेरिकन कंपनी. १९८० च्या दशकात तिच्या संशोधन केंद्रातले ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरले. जंगलातल्या जमातींचा अभ्यास करावा, तसा त्यांनी या मेकॅनिक लोकांचा केला.

कंपनीची समजूत अशी होती की तंत्रज्ञ मॅन्युअल बघून काम करतात. एरर कोड आला की पान उघडायचं, पायऱ्या पाळायच्या, झालं. ऑर यांना वेगळंच दिसलं. मॅन्युअलमध्ये असलेली बिघाडं त्यांना पाठच होती आणि अवघड बिघाडं मॅन्युअलमध्ये नव्हतीच. कधी मशीन एक कोड दाखवायचं आणि बिघाड भलतीकडेच असायचा. अशा वेळी दोन तंत्रज्ञ मशीनसमोर बसून एकमेकांना जुने किस्से सांगत. "त्या ऑफिसातल्या मशीनचं असंच झालं होतं, तेव्हा मी हे करून बघितलं." किस्स्याला किस्सा जोडत ते बिघाडापर्यंत पोचत.

हेच लोक सकाळी नाश्त्याला, दुपारी जेवायला, कॉफीला एकत्र जमत आणि तिथेही मशीनच्याच गप्पा. लांबून पाहणाऱ्या साहेबाला हा टाइमपास वाटला असता. प्रत्यक्षात ते ट्रेनिंग चालू होतं. ऑर यांचं यावरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं आणि या विषयात आजही ते आवर्जून वाचलं जातं.

दरम्यान झेरॉक्सच्या संशोधकांनी बिघाड ओळखणारी एक हुशार संगणक प्रणाली तयार केली होती. तंत्रज्ञांना दाखवली तर त्यांच्यावर फारसा प्रभाव पडला नाही, कारण त्यांना छळणारी बिघाडं त्यातही नव्हती. मग १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्समध्ये उलटा प्रयोग झाला. तंत्रज्ञांनीच आपापल्या युक्त्या थोडक्यात लिहायच्या, जाणकार सहकाऱ्यांनी तपासायच्या आणि मग त्या सगळ्यांना खुल्या करायच्या. याचं नाव 'युरेका'. आधी फ्रान्समधल्या मिनिटेल या टेलिफोनवर चालणाऱ्या जाळ्यातून आणि नंतर लॅपटॉपवरून ती इतर देशांत पोचली.

युक्ती लिहिणाऱ्याला पैसे द्यावेत का, हा प्रश्न आला तेव्हा तंत्रज्ञांनी रोख बक्षिसाऐवजी दुसरी गोष्ट निवडली. युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं.

अशा गटाला एक नाव आहे, 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस'. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये ते रूढ केलं. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकाऊ पोरं कशी तयार होतात याचा अभ्यास केला होता. तिथे कोणी लेक्चर देत नाही. पोरगा आधी बटणं, काजं अशी कडेची कामं करतो, जुन्या कारागिरांचं बोलणं ऐकतो आणि हळूहळू आत सरकतो. आपल्याकडे तालमीत, गॅरेजमध्ये किंवा भजनी मंडळात नवखा तयार होतो, तो असाच.

प्रोजेक्ट टीम आणि हा गट यांत फरक आहे. टीम डिलिव्हरीसाठी असते, काम संपलं की मोडते आणि माणसं पांगतात. कम्युनिटी एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांची असते. पाच प्रोजेक्टांतले पाच टेस्टर, सात टीममधले डेटाबेसवाले. ते एकमेकांना रिपोर्ट करत नाहीत, त्यामुळे 'मला हे येत नाही' असं म्हणायला लाजही कमी वाटते. एका प्रोजेक्टने तीन आठवडे डोकं फोडून सोडवलेला प्रश्न शेजारच्या मजल्यावरची टीम पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसत नाही, तो या ओळखींमुळे. स्पॉटिफाय कंपनीने २०१२ च्या सुमारास असे गट 'गिल्ड' या नावाने चालवले आणि जगभरातल्या कंपन्यांनी ते उचलले. बऱ्याच ठिकाणी नावच उचललं गेलं, हा भाग वेगळा.

आता नाव किंवा कौतुक यांऐवजी थेट पॉइंट वाटले तर काय होतं? हा प्रयोग आपल्याकडच्याच इन्फोसिसमध्ये झाला. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने नॉलेज मॅनेजमेंट फार लवकर आणि गांभीर्याने घेतलं. 'के-शॉप' नावाचं पोर्टल होतं. त्यावर काही लिहिलं किंवा दुसऱ्याचं तपासलं की 'नॉलेज करन्सी युनिट' मिळत आणि त्यांच्या बदल्यात बक्षिसं. संशोधकांनी या योजनेवर सविस्तर लिहिलं आहे. योजना आली आणि लेखांचा ओघ एकदम वाढला. तपासणारे थकले आणि दर्जाबद्दल तक्रारी येऊ लागल्या. मग कंपनीने नियम बदलले. किती लिहिलं यापेक्षा वाचणाऱ्याला किती उपयोग झाला, याला वजन दिलं. चूक ओळखून वेळेत सुधारली, म्हणून हे उदाहरण शिकवलं जातं.

नुसत्या कागदावरच्या ज्ञानाचं दुसरं टोक म्हणजे गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या कंपनीच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या पाच-पाच सोयी होत्या, ऐनवेळी एकही नीट कामाला आली नाही. नेहमीचा बॅकअप बऱ्याच दिवसांपासून फेल होत होता आणि तशी सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. पुढे कंपनीने जे केलं ते विरळ आहे. दुरुस्तीच्या नोंदी चालू असतानाच सगळ्या जगाला खुल्या ठेवल्या आणि नंतर पूर्ण कारणमीमांसा छापली, कर्मचाऱ्याचं नाव न घेता. बॅकअप परत चालतो का हे तपासण्याची जबाबदारी नेमकी कोणाचीच नव्हती, हेही त्यात कबूल केलं. जगभरातल्या इंजिनियर लोकांनी ते वाचून आपापले बॅकअप तपासले असतील. दोष देण्याची भीती असती, तर हा किस्सा एका मीटिंग रूममध्येच मेला असता.

इंजिनियर लोकांत 'बस फॅक्टर' नावाचा एक विनोद चालतो. टीममधल्या किती जणांना बसने उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. अनेक टीमचा आकडा एक असतो आणि तो एक जण सुट्टीवर गेला तरी लग्नाच्या मांडवातून फोन उचलत असतो. कम्युनिटीचा फायदा सगळ्यात आधी याच माणसाला होतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? अडचण टाइमशीटमध्ये आहे. सर्व्हिस कंपनीत तासाला क्लायंट मोजावा लागतो. शेजारच्या टीमला मदत केलेला तास कोणत्या क्लायंटच्या नावावर टाकणार? मग तो तास शनिवारी जातो, पहिले दोन महिने उत्साहाने आणि नंतर कोणीच येत नाही. दोष माणसांच्या आळसावर ढकलला जातो.

सुरुवात करायला पोर्टल लागत नाही. एकाच कामातली आठ-दहा माणसं, दर पंधरा दिवसांनी अर्धा तास आणि विषय एकच: या पंधरवड्यात कोणाचं काय फसलं. ऐकणाऱ्यांपैकी नव्या पोराने त्याच्या चार ओळी लिहून ठेवायच्या, खाली सांगणाऱ्याचं नाव. फक्त त्या अर्ध्या तासाला टाइमशीटमध्ये कोड कुठला टाकायचा, हे मॅनेजरकडून आधी मेलवर लेखी घ्यावं.